तसबीर पडायच्या आत पोच

राजा, शनिवारी रात्री साडेनऊला बायकोला घेऊन बालगंधर्वला 'संगीत संशयकल्लोळ' बघायला चाललास, म्हणून फोन केलास आणि विचारलंस, "आत्या, काही लक्षात ठेवायचंय का?" मी म्हटलं, "नाही रे, मजा करा." फोन ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता सतरा गोष्टी आठवल्या. पोळ्या झाल्यावर कागद घेऊन बसले, तर सतरावर भागेना. चाळीसेक वर्षं नाटकं बघितली. त्यात प्रेक्षकाला करता येतात तेवढ्या सगळ्या चुका मी करून बसले आहे. काही तर दोनदा केल्या, पहिल्यांदा नीट जमल्या नव्हत्या म्हणून. तू आपल्या नव्या चुका कर, माझ्या जुन्या वापरू नकोस.

आधी तिकिटांचं बघू.

१. तिकिटावरची तारीख, वार आणि वेळ तिन्ही वाच, आणि मग बायकोला वाचायला दे — आम्ही एकदा दुपारी साडेबाराच्या प्रयोगाची तिकिटं घेऊन रात्री साडेनऊला उभे होतो, मी जरीच्या साडीत. दारावरच्या माणसाने तिकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "छान झालं हो नाटक."

२. प्लॅन समोर घेऊन जागा निवड, नुसतं 'दोन द्या' म्हणू नकोस. सहावी ते दहावी रांग, मधला भाग — असल्या नाटकात एका कोपऱ्यात एक भानगड शिजत असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणीतरी ती चोरून बघत असतं. पहिल्या रांगेतून एका वेळी एकच कोपरा दिसतो.

३. पाय लांब आहेत म्हणून कडेची खुर्ची घ्यावीशी वाटेल, घेऊ नकोस — अख्ख्या रांगेचा वड्याकडे जायचा रस्ता तुझ्या गुडघ्यांवरून जातो.

४. बाल्कनीला नाक मुरडू नकोस — गाणं वर झकास पोचतं, आणि संगीत नाटकाचे पक्के कानसेन पुष्कळदा तिथेच सापडतात. फक्त ते नटाच्या आधी गुणगुणायला लागतात, तेवढं सोसायची तयारी ठेव.

५. मित्रांबरोबर जायचं असेल तर तिकिटं एकानेच काढावी आणि पैसे त्याच संध्याकाळी गोळा करावे — तिकिटाची उधारी, मैत्रीला सुपारी. आमच्या जुन्या कंपूत दोन तिकिटांचे पैसे कुणी कुणाला द्यायचे, याचा निकाल मुलांची लग्नं झाली तरी लागलेला नाही.

आता घरातून निघायच्या आधीचं.

६. संध्याकाळी अर्धपोटी खा, थालीपीठ-दही किंवा मऊ भात. श्रीखंडपुरीचा बेत दुसऱ्या दिवशी कर — भरल्या पोटी ऐकलेली तान म्हणजे अंगाई. तुझे आत्तोबा एकदा बासुंदी पिऊन आले होते. नायिकेच्या विलंबित आलापाला त्यांनी घोरून साथ दिली, आणि वाईट याचं वाटलं की सुरात दिली.

७. बायकोला गोष्टीचं तोंड सांगून ठेव, शेपूट सांगू नकोस — पहिल्यांदा संगीत नाटक बघणारं माणूस गाणं सुरू झालं की गोष्टीचा धागा सोडतं. धागा हातात असला की गाणंही ऐकू येतं.

तोंड म्हणजे किती, ते सांगते. फाल्गुनराव हा वयाने पिकलेला आणि संशयाने पछाडलेला नवरा. त्याची बायको कृत्तिका संशयात त्याच्या तोडीस तोड. एकीकडे तरुण अश्विनशेठ, आणि त्याचं जिच्यावर मन बसलंय ती रेवती, मघा नायकिणीच्या घरची. रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरायला धावतो, आणि नेमकं तेवढंच कृत्तिकेला दिसतं. त्या गडबडीत रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. ती ते चित्र निरखत असताना मागून नवरा येतो. झालं! तिच्या लेखी नवरा कामातून गेला, त्याच्या लेखी बायको, आणि पुढे अश्विनशेठ नि रेवतीच्याही डोक्यात तोच किडा शिरतो. एवढं सांगून गप्प बस.

८. नावांची गंमत मात्र आधीच सांग — पुरुष सगळे महिन्यांवरून आणि बायका नक्षत्रांवरून आहेत: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या, आणि कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी. मी हे पाचव्यांदा नाटक बघितल्यावर ओळखलं आणि शेजारणीला मोठ्या अभिमानाने सांगायला गेले. ती म्हणाली, "अगंबाई, मग तुला इतके दिवस काय वाटत होतं?"

९. 'आमच्या मातीतलं अस्सल विनोदी नाटक' असं ठोकून देऊ नकोस — बायकोने फोनवर शोधलं तर पंचाईत. मोलिएरने फ्रेंचमध्ये १६६० साली 'स्गानारेल' लिहिलं, त्याच्या आधाराने आर्थर मर्फीने इंग्रजीत १७६१ साली 'ऑल इन द राँग' केलं, आणि त्यावरून आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पण दोन घरांचं पाणी पिऊन आलेलं हे नाटक मराठीत असं नांदलं की माहेर कुठलं हे कुणी विचारतच नाही.

देवलांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्यांचं मला नेहमी थोडं वाईट वाटतं. सांगलीजवळच्या हरिपूरचे. उभ्या आयुष्यात सात नाटकं, त्यातलं संपूर्ण स्वतंत्र एकच, 'शारदा'. 'फाल्गुनराव' आधी गद्य होतं. पुढे त्यांनी त्यात पदं घातली, 'संशयकल्लोळ' असं नवं नाव आलं, आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. लोक हसून हसून लोळले म्हणतात. पण देवल त्याच वर्षी, त्या प्रयोगाच्या काही महिने आधी वारले होते. ज्या माणसाने नटांना एकेक वाक्य कसं म्हणायचं ते घोटून शिकवलं, त्याला हा हशा ऐकायला मिळाला नाही. तू शनिवारी हसशील त्यातला एखादा हशा त्यांच्या नावाने जास्तीचा हस.

आणि तू जिथे बसणार आहेस त्या वास्तूला नाव त्याच रेवतीचं आहे, हे ध्यानात घे. १९६८ च्या २६ जूनला, बालगंधर्वांच्या वाढदिवसाला, ते रंगमंदिर सुरू झालं. ते स्वतः आदल्याच वर्षी गेले होते.

१०. अत्तर, सेंट बेताचं लाव — अडीच-तीन तास शेजारच्या माणसाला दुसरं नाक मिळत नाही.

११. एक शाल किंवा पातळ स्वेटर पिशवीत टाक, उन्हाळा असला तरी — नाट्यगृहाच्या एसीला दोनच पट्ट्या ठाऊक, काश्मीर आणि बंद. 'कशाला ओझं' म्हणणारी बायको मध्यंतरानंतर तुझा शर्ट मागेल.

१२. खोकल्याची गोळी घरूनच कागद सोडवून डबीत घालून ने — अंधारात गोळीचा कागद हळू हळू सोडवणारा माणूस सगळ्यात जास्त आवाज करतो. सोडवायचाच असेल तर एका झटक्यात, आणि तोही हशात.

१३. गाडी लावायला अर्धा तास धर, तोही शनिवार आहे हे विसरून. खरं तर रिक्षानेच जा — गाडी मिळालेल्या जागेत बसते, पण मन नाटकभर तिच्यापाशी बसतं.

१४. साडेनऊचा प्रयोग म्हणजे नऊला आवारात — आणि हा माझा मुख्य मंत्र आहे, बाकीचे हरवले तरी चालतील.

याचं कारण एका ओळीत मावत नाही. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. साडी बदलण्यात दहा मिनिटं गेली, रिक्षा मिळेपर्यंत पंधरा. आम्ही आत शिरलो तेव्हा तसबीर पडून गेलेली होती. कृत्तिका ती हातात घेऊन उभी, प्रेक्षक खो खो हसतायत, आणि मी शेजारच्या पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांना विचारतेय, "ही कुणाची तसबीर?" त्यांनी सांगितलं. पाच मिनिटांनी मी विचारलं, "मग ती हिच्याकडे कशी आली?" तेही सांगितलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्याच तिकिटाच्या मागे चार नावं लिहिली, त्यांच्यामध्ये बाण काढले, कुणाचा संशय कुणावर, आणि तिकीट माझ्या हातात ठेवून समोर बघायला लागले. नाटक संपेपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी ते तिकीट बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. पहिला अंक चुकला, तर उरलेले अंक परक्याच्या लग्नातली जेवणं.

१५. उशीर झालाच तर गाणं किंवा हशा चालू असताना दारातच थांब, प्रवेश संपून अंधार झाला की सरक — एक जण वाकून वाकून आत गेला की मागच्या तीस जणांचा एक विनोद बुडतो. विनोदाला हप्ते नसतात, बुडाला की गेला.

१६. पहिल्या घंटेला बाटली भर, दुसरीला खुर्ची गाठ, तिसरीला फोन बंद — 'सायलेंट' म्हणजे बंद नव्हे. थरथरणारा फोन लाकडी खुर्चीच्या हातावर ठेवून बघ एकदा घरी, मग कळेल.

१७. फोनचा उजेडही आवाजच समज — अंधारात एक पडदा उजळला की मागची रांग नाटक सोडून तुझ्या ऑफिसातला निरोप वाचते. फोटो, रेकॉर्डिंग वगैरे तर नकोच. तान मुठीत धरायला गेलं की कानातून निसटते.

१८. तिसऱ्या घंटेनंतर दोन मिनिटं बोलू नकोस, नुसता वास घे — पडद्याआडून धूप येतो, नारळ वाढवल्याचा आवाजही कधी कधी येतो. आत नटमंडळी रंगदेवतेच्या पाया पडत असतात, आणि ज्याने हा प्रयोग शंभरदा केलाय त्याचेही हात तेव्हा गार असतात.

१९. नांदीला गप्पा मारू नकोस, 'अजून नाटक सुरू व्हायचंय' हा गैरसमज — नांदी म्हणजे गायकांचं घसा चाचपणं आणि प्रेक्षकांचं कान चाचपणं. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणलं तेव्हापासूनची ही वहिवाट आहे.

इथून पुढे बसण्या-हसण्याचं. हे शिकवावं लागतं का, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं.

२०. मोकळेपणी हास, पण वाक्य पुरं होऊ दे — विनोदाची कळ पुष्कळदा शेवटच्या शब्दात असते. आधी हसलास तर तुझ्या हसण्याखाली ती चिरडते आणि शेजारचे तुझ्याकडे बघतात.

२१. नाटक पाठ असेल तर ते पोटात ठेव, पुढचं वाक्य आधी पुटपुटू नकोस — आत्तोबांना ही खोड होती. एकदा त्यांनी फाल्गुनरावाचं वाक्य नटाच्या आधी म्हटलं, पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, "तुम्ही वर जाता का? ते येऊन बसतील इथे."

२२. बायको एखाद्या जागी हसली नाही तर 'कळलं का?' म्हणून विचारू नकोस — समजावलेला विनोद आणि पुन्हा तापवलेला चहा, दोन्ही प्यावे लागतात इतकंच.

२३. उलट, तू हसला नाहीस आणि ती हसली, तर तिच्याकडे बघून नुसता हास — मध्यंतरात विचार, गुपचूप.

२४. बोलणाऱ्या नटाइतकंच ऐकणाऱ्या नटाकडेही लक्ष ठेव — या नाटकात अर्धा मजकूर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. फाल्गुनराव बोलत असताना भादव्याचे डोळे बघ, पैसे वसूल होतील.

२५. पद सुरू झालं की 'गोष्ट थांबली' असं मनात आणू नकोस, मागे टेकून बस — इतकी संशयाची धावाधाव झाल्यावर माणसाला श्वास लागतो. देवलांनी पदं अशा जागी घातलीत की हसून दमलेलं पोट विसावतं आणि कान जागे होतात.

२६. अश्विनशेठचं दरबारी रागातलं पद येईल तेव्हा पॉपकॉर्न, वेफर्स, पिशवी, सगळं खाली ठेव — दरबारीत गंधार हळूच डोलतो, त्या डोलण्यावरच सगळी गंमत आहे. वेफरच्या पिशवीसमोर तानसेनाचंही काही चालायचं नाही.

२७. रंगमंचाच्या पुढ्यात किंवा विंगेच्या कडेला पायपेटी आणि तबला असेल, एकदा तरी तिकडे नजर टाक — ऑर्गनवाला पायाने भाता मारतो, हाताने सूर धरतो आणि डोळ्यांनी नटाचा श्वास मोजत असतो. नट पट्टी चुकला तर पहिल्यांदा त्याच्याच कपाळावर दिसतं.

२८. समेआधी टाळी वाजवू नकोस — मी वाजवली होती. दरबारीची तान वरून खाली येत होती, मला वाटलं संपली. तिला अजून अर्धा जिना उतरायचा होता. पाचशे लोकांत माझी एकटीची टाळी, आणि गायकाने मान झुकवून मला एकटीला नमस्कार केला. आजही दरबारी ऐकला की माझे हात आपोआप पदराखाली जातात.

२९. 'वन्समोर' जरूर दे, पण मनापासून आणि एखाद-दुसऱ्याच पदाला — पुन्हा म्हणताना चांगला गायक तेच गात नाही, एखादी नवी जागा काढतो, ती जागा तुझी कमाई. प्रत्येक पदाला ओरडलास तर त्याला शेवटच्या अंकात आवाज उरत नाही, आणि बाकीच्यांना शेवटची बस.

३०. 'पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही' हे वाक्य मध्यंतरात कुणीतरी म्हणेलच, तू मान डोलावू नकोस — पूर्वी नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत आणि एकेक पद अर्धा-अर्धा तास. आता सगळं तीन तासांत बसवायचं म्हणजे गाणाऱ्याला तेवढ्याच मसाल्यात छोट्या पातेल्यात भाजी करायची. प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे अश्विनशेठ करायचे तेव्हाही असे उसासे ऐकू यायचे, आणि उसासे टाकणारे पुढच्या प्रयोगाला पुन्हा हजर असायचे.

३१. काही शब्द जुने वाटतील, अडखळू नकोस — शंभर वर्षांपूर्वीची बोलणी आहेत, चौथ्या मिनिटाला कान सरावतात. न कळलेला शब्द लक्षात ठेव आणि मला रविवारी विचार, मलाही काम.

३२. काही गोष्टी आजच्या काळाला टोचतील, विशेषतः नायकिणीच्या घरची मुलगी म्हणून रेवतीबद्दल बोललं जातं ते — टोचलं तर टोचू दे, लगेच हसण्यावारी नेऊ नकोस. घरी येताना बायकोशी त्यावर बोललास तर नाटकाचा आणखी एक अंक रिक्षात होतो.

३३. लहान मूल बरोबर असेल तर कडेची खुर्ची घ्यावीच लागते, तिसरा मंत्र तेव्हा रद्द — आणि मूल रडलं तर लगेच उठ. 'होईल शांत' म्हणणाऱ्या बापाचं मूल कधीच शांत होत नाही. हे तुला पुढे उपयोगी पडेल. मी काही सुचवत नाहीये.

मध्यंतराकडे थोडं लक्ष दे, कारण चांगल्या चांगल्या माणसांची रात्र तिथे घसरते.

३४. पडदा पडायला लागला की पळू नकोस, टाळी पुरी वाजव आणि मग चाल — वडे संपत नाहीत. संपले तर चहा असतो, आणि चहाच्या रांगेत नाटकाबद्दल खरं मत ऐकू येतं.

३५. वडा गरम असेल तर बाहेर उभं राहून खा, आत आणू नकोस — बटाटेवड्याचा वास पाच रांगांपर्यंत जातो, आणि भुकेला प्रेक्षक हसत नाही, हिशेब करतो.

३६. वडा एकच — तुझ्या घराण्याची मला माहिती आहे.

३७. ओळखीचं कुणी भेटलं तर तिथल्या तिथे 'कसं वाटतंय?' विचारू नकोस — अर्ध्या नाटकावर मत दिलं की माणूस उरलेलं अर्धं ते मत खरं ठरवायला बघतो.

३८. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग लांब असते. तिची पर्स धरून तू दिसेल अशा जागी उभा राहा — 'मी आलोच' म्हणून इकडे तिकडे गेलास, आणि तिने तुला कुणा ओळखीच्या मुलीशी हसून बोलताना पाहिलं, तर त्याच नाटकाचा आणखी एक प्रयोग सुरू होतो. बिनतिकिटाचा.

शेवटचा पडदा पडल्यानंतरचं फार नाही.

३९. भरतवाक्य म्हणजे 'उठा' अशी खूण नव्हे, संपेपर्यंत बस — आणि नट नमस्कार करतात तेव्हा उभा राहून टाळी वाजव. पाठ दाखवत दाराकडे निघालेल्या प्रेक्षकाला नमस्कार करताना नटाला काय वाटत असेल, हे मी एका हौशी नटीच्या तोंडून ऐकलं आहे. ती नटी मीच, आणि प्रेक्षक माझे दीर.

४०. विंगेत भेटायला जायचं असेल तर जा, दोन मिनिटं, आणि एकच नेमकी गोष्ट सांग — 'छान झालं' सगळेच म्हणतात. 'तसबीर हातात घेतलीत तेव्हा तुमचा अंगठा थरथरत होता' असं म्हटलंस तर तो माणूस आठवडाभर खूश राहतो. 'तुमची ती मालिका आम्ही रोज बघतो' हे मात्र गिळून टाक. दिवसभर प्रवास करून रात्री तीन तास गायलेल्या माणसाला मालिका ऐकवू नये.

४१. ऑर्गनवाल्यालाही 'छान वाजवलंत' म्हण — त्याच्याकडे कुणी जात नाही.

४२. रिक्षा आवारात शोधू नकोस, चालत पुलापर्यंत जा — नाटक सुटल्यावर पाच मिनिटं चालणं हे त्या तिकिटातच धरलेलं असतं. पुलावर रात्री गार वारा असतो, आणि ऐकलेल्या पदाची चाल बेसूर का होईना, पण तोंडातून निघते. निघू दे.

४३. घरी आल्यावर तिकिटं फेकून दे, किंवा दोघांनी मिळून एका ठरलेल्या जागी ठेवा. शर्टाच्या, कोटाच्या खिशात विसरू नकोस — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी नाशिकला नणंदेकडे चार दिवस गेले होते. परत आले आणि धोब्याला कपडे द्यायला म्हणून तुझ्या आत्तोबांच्या कोटाचे खिसे उलटे केले, तर दोन तिकिटं. 'संशयकल्लोळ', शनिवार, रात्री साडेनऊ, लगतच्या खुर्च्या. शनिवारी मी नाशिकला. मी काही बोलले नाही. तिकिटं डब्यात ठेवली, वर डाळ घातली. तीन दिवस आमटीत मीठ कमी पडत होतं आणि ते निमूट जेवत होते. मला वाटलं, अपराधी आहेत म्हणून निमूट जेवतायत. ते निमूट जेवत होते कारण त्यांना वाटत होतं, नाशिकला कुणीतरी माझ्या मनात काहीतरी भरवून दिलंय. चौथ्या दिवशी डाळीचा डबा त्यांनीच उघडला.

दुसरं तिकीट तुझ्या आजोबांचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, डॉक्टरांनी रात्रीचं बाहेर पडायला बंदी केली होती, आणि तुझी आजी दाराला कडी घालून बसायची. म्हणून सासऱ्याने जावयाला शपथ घातली होती. मी तडक माहेरी गेले, आधी आजीसमोर गप्प बसले, मग ती आत गेल्यावर बाबांना हळूच विचारलं, डोळ्याला पट्टी असताना दिसलं तरी काय तुम्हाला?

"फाल्गुनराव अर्धाच दिसला," म्हणाले, "पण पदं दोन्ही कानांनी ऐकली."